गंधवती पृथ्वी आणि औषधाचें मोठें कडें

वळवाचा पहिला पाऊस पडला, कीं तापलेल्या जमिनींतून जो सुवास उठतो, त्याचें वर्णन करण्याचा मोह आजवर कोणत्या कवीस आवरला आहे? आमच्या नेसरीच्या मातीचा सुवास कांहीं निराळाच, असें येथील प्रत्येक माणूस छातीवर हात ठेवून सांगेल. आजऱ्याचा व चंदगडचा माणूसही आपापल्या गांवाविषयीं नेमकें तेंच सांगेल, ही गोष्ट वेगळी. तर्कसंग्रह घोकणाऱ्या विद्यार्थ्यास नऊ द्रव्यांपैकीं पृथ्वीचें लक्षण म्हणून गंध हाच गुण शिकवितात. अर्वाचीन रसायनशास्त्रानें ह्या लक्षणास एक पुस्ती जोडली आहे. ती अशी कीं, हा गंध बव्हंशीं मातीच्या स्वतःच्या अंगचा नसून मातींत बिऱ्हाड करून राहिलेल्या सूक्ष्म जंतूंचा आहे. त्यांतील मुख्य द्रव्यास १९६५ सालीं अमेरिकेंतील रटगर्स विद्यापीठाच्या संशोधकांनीं 'जिओस्मिन' असें नांव दिलें. ग्रीक भाषेंत त्याचा अर्थ 'भूगंध' असाच होतो. तें द्रव्य निर्माण करणाऱ्या जंतूंमध्यें 'स्ट्रेप्टोमायसीज' नांवाच्या कुळाचा मान मोठा आहे.

जंतु हा शब्द ऐकतांच गृहिणींच्या कपाळावर आठी पडेल. परंतु हे जंतु सहसा कोणाच्या वाटेस जाणारे नव्हेत. बुरशीसारखे तंतु पसरून, कुजलेला पालापाचोळा खाऊन, ते जमिनींत निमूटपणें नांदतात. मात्र शेजारच्या जंतूंनीं आपल्या अन्नावर डल्ला मारूं नये म्हणून कांहीं उग्र द्रव्यें ते जवळ बाळगितात, आणि नवल हें कीं, तींच द्रव्यें मनुष्यमात्रास संजीवनी होऊन बसलीं आहेत. क्षयावरील स्ट्रेप्टोमायसीन १९४३ सालीं ह्याच कुळानें दिलें. आज ज्यांविषयीं लिहावयाचें योजिलें आहे, तीं 'मॅक्रोलाइड' औषधें ह्या कुळाचीं व त्याच्या चुलत घराण्यांचीं देणगी होत.

विषय रसायनाचा असला तरी तो प्रत्येक घराच्या फडताळापर्यंत येऊन पोंचलेला आहे. आमच्याच घरची गोष्ट सांगतों. गेल्या श्रावणांत नातू सर्दीनें बेजार झाला, तेव्हां सूनबाई म्हणाल्या, "मामंजी, मागच्या वेळच्या अॅझिथ्रोमायसीनच्या गोळ्या डब्यांत उरल्या आहेत. त्यांतली अर्धी ह्याला देऊं का?" आम्हीं म्हटलें, "आधीं डॉक्टरांस विचारूं. गोळी कोठें पळून जात नाहीं." डॉक्टरांनीं नाक, घसा व छाती तपासून सांगितलें कीं, ही विषाणूंची सर्दी आहे, हिला गोळी नको, विश्रांति हवी. त्यावर सूनबाईंनीं विचारलेला प्रश्न मार्मिक होता. "मामंजी, जी गोळी ह्याच्या काकांच्या न्यूमोनियावर चालली, ती साध्या सर्दीवर कां चालूं नये? मोठें दुखणें बरें करणाऱ्यास लहान दुखणें जड कां जावें?" हा प्रश्न अनेक घरांत मनांतल्या मनांत विचारला जात असेल; म्हणून त्याचें उत्तर ह्या वेळच्या सदरांत मांडीत आहों.

प्रथम ह्या औषधाचें जन्मवृत्त पाहूं. १९४९ सालीं फिलिपाइन्स बेटांतील इलोइलो येथील आबेलार्दो आगिलार नांवाच्या डॉक्टरांनीं तेथील मातीचे नमुने अमेरिकेंतील इलाय लिली ह्या औषधी कंपनीकडे धाडिले. त्या मातींतील एका जंतूपासून मॅग्वायर व त्यांचे सहकारी यांनीं नवें औषध वेगळें काढलें व १९५२ सालीं तें प्रसिद्ध केलें. तेंच एरिथ्रोमायसीन. बाजारांत तें 'इलोटायसीन' ह्या नांवानें आलें, आणि अशा रीतीनें त्या दूरच्या प्रांताचें नांव औषधाच्या बाटलीवर चढलें. त्या जंतूस पूर्वी स्ट्रेप्टोमायसीजमध्येंच गणीत. हल्लीं त्याला सॅकॅरोपॉलिस्पोरा असें निराळें आडनांव मिळालें आहे. पेनिसिलिन ज्यांस सोसत नाहीं, अशा रोग्यांस ह्या औषधानें मोठाच आधार दिला.

'मॅक्रोलाइड' हें कुलनाम अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ वुडवर्ड यांनीं १९५७ सालीं पाडलें. 'मॅक्रो' म्हणजे मोठें, आणि पुढील भाग 'लॅक्टोन' ह्या रासायनिक बंधाचा सूचक आहे. एरिथ्रोमायसीनच्या अणुरचनेचें चित्र पाहिलें तर त्यांत १४ अणूंचें एक मोठें कडें दिसतें व त्या कड्याला लोलकांसारख्या दोन शर्करा लटकलेल्या असतात. ह्या मूळ औषधास एक खोड होती. जठरांतील आम्लानें तें पोटांतच मोडून जाई. यूगोस्लाव्हियांतील, म्हणजे आतांच्या क्रोएशियांतील, झाग्रेब शहरीं प्लिव्हा कंपनीच्या रसायनज्ञांनीं १९८० सालीं त्या कड्यांत नायट्रोजनचा एक अणु बसवून कडें १५ अणूंचें केलें. तें अॅझिथ्रोमायसीन होय. तें आम्लाला दाद देत नाहीं, शरीराच्या पेशींत शिरून दीर्घकाळ मुक्काम करितें, आणि म्हणूनच त्याची गोळी दिवसांतून एकदांच व थोडेच दिवस घ्यावी लागते. गोळ्या तीन दिसल्या म्हणून औषध सौम्य आहे असा जो समज घरोघर पसरला आहे, तो निराधार आहे. तिसऱ्या दिवसानंतरही तें अंगांत कितीतरी दिवस काम करीत असतें.

आतां तें काम कसें चालतें तें पाहूं. प्रत्येक सजीव पेशींत 'रायबोसोम' नांवाचे सूक्ष्म कारखाने असतात. पेशीच्या मूळ ग्रंथांतून उतरवून आणलेली आज्ञा तेथें अक्षरशः वाचली जाते. त्या आज्ञेबरहुकूम एकेक अमिनो आम्ल ओंवून प्रथिनाची माळ तयार होते, आणि ती माळ कारखान्याच्या पोटांतील एका अरुंद बोगद्यांतून बाहेर पडते. प्रथिन नाहीं तर वाढ नाहीं, वाढ नाहीं तर प्रजा नाहीं. मॅक्रोलाइडचें कडें जाऊन बसतें तें नेमकें ह्या बोगद्याच्या आरंभाशीं. माळेचे पहिले कांहीं मणी ओंवले जातात, पुढें वाट अडते व काम ठप्प होतें. अरुंद वाटेचा महिमा आमच्या भागांत कोणास सांगावयास नको. सरनोबत प्रतापराव गुजरांनीं सहा साथीदारांसह १६७४ सालीं जेथें देह ठेविला, त्या नेसरीच्या खिंडीची आठवण येथील लहान पोरासही असते. वाट चिंचोळी असेल तर एक धोंडाही फौजेचा खोळंबा करितो. रायबोसोमच्या खिंडींत हें औषध तो धोंडा होऊन बसतें.

ह्यांतून एक गोष्ट ध्यानांत यावी. हें औषध जंतूंस बहुधा तत्काळ ठार करीत नाहीं. त्यांची वाढ रोखून धरितें. उरलेलें काम रक्तांतील पांढऱ्या पेशींनीं, म्हणजे रोग्याच्या स्वतःच्या शिपायांनीं, पुरें करावयाचें असतें. म्हणून औषधाबरोबर अन्न, पाणी व विश्रांति ह्यांचें महत्त्व तिळमात्र कमी होत नाहीं.

येथें चिकित्सक वाचक विचारील कीं, रायबोसोम तर आपल्याही पेशींत आहेत. मग हें कडें आपल्या खिंडी कां अडवीत नाहीं? ह्याचें उत्तर आमच्यासारख्या जुन्या संस्कृत शिक्षकास फार गोड वाटलें. जंतूंच्या रायबोसोमच्या मोठ्या खंडांत सुमारें २,९०० अक्षरांची एक रासायनिक संहिता आहे. तिच्यांतील २०५८ व्या स्थानीं जंतूंमध्यें 'अॅडेनीन' हें अक्षर असतें, तर मनुष्याच्या पेशींतील रायबोसोममध्यें त्याच जागीं 'ग्वानीन' असतें. औषधाची पकड मुख्यतः ह्या अक्षरावर अवलंबून आहे. वृत्राची कथा वाचकांस आठवत असेल. 'इंद्रशत्रु' ह्या शब्दांतील एक स्वर चुकला, तत्पुरुषाचा बहुव्रीहि झाला, आणि इंद्रास मारूं निघालेला वृत्र स्वतःच मारला गेला. एका स्वरानें अर्थ फिरतो हें वैयाकरणांचें सांगणें आहे. एका अक्षरानें औषध शत्रूस लागतें व मित्रास वगळतें, हें रसायनाचें सांगणें आहे.

आतां सूनबाईंच्या प्रश्नाचें उत्तर सोपें झालें. सर्दीच्या विषाणूपाशीं स्वतःचा रायबोसोमच नसतो. तो आपल्या पेशींत शिरून आपल्याच कारखान्यांत आपली प्रजा घडवून घेतो, आणि आपल्या कारखान्यांत तर तें 'अॅडेनीन' नाहीं. मग औषधानें पकडावें कोणास? दुखणें लहान कीं मोठें हा प्रश्नच नाहीं. शत्रु कोणत्या जातीचा हा प्रश्न आहे. डांग्या खोकल्याचे जंतु आणि न्यूमोनिया आणणारे कांहीं जंतु ह्यांवर हें औषध उत्तम चालतें. मायकोप्लाझ्मा नामक जंतूस भिंतच नसल्यामुळें पेनिसिलिन त्यापुढें हतबल होतें, तेथेंही मॅक्रोलाइड उपयोगी पडतें. सर्दीपुढें मात्र तें खडूच्या गोळीइतकेंच निरुपयोगी आहे. २०२० सालच्या कोरोनाच्या साथींत अॅझिथ्रोमायसीन घरोघर वाटलें गेलें. परंतु ब्रिटनमध्यें हजारों रोग्यांवर झालेल्या 'रिकव्हरी' नामक चांचणीनें २०२१ सालीं असा निर्वाळा दिला कीं, रुग्णालयांत दाखल झालेल्या कोरोनाच्या रोग्यांस त्याचा कांहीं लाभ झाला नाहीं.

"लाभ नसेना, तोटा तरी काय?" असा प्रश्न व्यवहारी मंडळी करितील. तोटा मोठा आहे. ज्या २०५८ व्या अक्षरावर औषधाची पकड बसते, त्या अक्षरावर कांहीं जंतु एक लहानसें रासायनिक टोपण चढवितात. कडें मग तेथें बसतच नाहीं. दुसरे कांहीं जंतु आंत आलेलें औषध पंपानें पाणी उपसावें तसें बाहेर फेंकतात. ह्या विद्या जंतूंनीं नव्यानें शोधून काढल्या असें नव्हे. एरिथ्रोमायसीन निर्माण करणारा जंतु स्वतःच्या विषानें स्वतः मरूं नये म्हणून टोपण चढविण्याची विद्या आधींपासूनच जाणतो. त्या विद्येचें जनुक एका जंतूकडून दुसऱ्याकडे, भिन्न जातींच्या जंतूंतही, उसनवारीनें जाऊं शकतें. आपण विनाकारण गोळी घेतली, कीं पोटांतील व घशांतील साधे जंतु मरतात आणि ही विद्या शिकलेले तेवढे उरतात. उद्यां खरा न्यूमोनिया झाला, तर तीच गोळी हात टेकील. एकत्र कुटुंबांत तर एकाच्या घशांतील जंतु आठवड्याभरांत साऱ्या पंक्तीस जाऊन बसतात. म्हणून एकाचा अविचार हा साऱ्या घराचा अविचार ठरतो.

प्रयोगशाळेंत मात्र ह्याच प्रतिकाराचा उपयोग संशोधकांनीं चातुर्यानें करून घेतला आहे. जंतूंत एखादें नवें जनुक घालावयाचें असेल, तर लक्षावधींपैकीं थोड्याच जंतूंत तें शिरतें. ते थोडे निवडावे कसे? संशोधक त्या नव्या जनुकासोबत एरिथ्रोमायसीनला न जुमानणारें जनुकही जोडून देतात व नंतर सर्व जंतु एरिथ्रोमायसीन मिसळलेल्या खळीवर पसरतात. ज्यांनीं जनुक स्वीकारलें ते वाढतात, बाकीचे खुंटतात. सुपांत पाखडून धान्य व फोलपट वेगळें करावें, तसाच हा प्रकार. शिवाय रायबोसोम कसा चालतो हें समजून घेण्यासाठीं तो मध्येंच थांबवून पाहण्याचें साधन म्हणूनही हीं औषधें फार कामीं आलीं. क्ष-किरणांच्या साह्यानें रायबोसोमची अणुरचना उलगडल्याबद्दल २००९ सालचें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक व्यंकटरामन रामकृष्णन, थॉमस स्टाइट्झ व अदा योनाथ ह्या तिघांस मिळालें. त्यांपैकीं रामकृष्णन हे बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे पदवीधर होत. योनाथ यांच्या मंडळींनीं २००१ सालीं एरिथ्रोमायसीन बोगद्यांत कोठें बसतें त्याचें प्रत्यक्ष चित्रच दाखविलें. पुढें २०१२ सालीं शिकागो येथील संशोधकांनीं आणखी मौज दाखविली. कडें बोगदा पूर्णपणें बुजवीत नाहीं; कांहीं विशिष्ट प्रथिनांच्या माळा त्याच्या कडेनें निसटून जातात. म्हणजे हा धोंडा नुसता धोंडा नसून माणूस पाहून वाट सोडणारा चौकीदारही आहे.

महाराष्ट्राचा ह्या शास्त्रांतील वांटा कमी नाहीं. पुण्याजवळ पिंपरी येथें १९५४ सालीं जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साह्यानें हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. पेनिसिलिन तयार करणें हें त्याचें पहिलें काम. परंतु तेथील संशोधक केवळ परक्यांच्या कृती गिरवीत बसले नाहींत. एम. जे. थिरुमलाचार यांच्या नेतृत्वाखालीं मातीचे नमुने तपासण्याचें काम चाललें, आणि त्यांतून जो नवा स्ट्रेप्टोमायसीज सांपडला, त्याचें शास्त्रीय नामकरण पिंपरी गांवावरून 'पिंप्रिना' असें झालें. त्यानें दिलेलें औषध म्हणजे 'हॅमायसीन'. १९६१ सालीं तें जगापुढें आलें. त्याच्या आरंभींचें 'हॅ' हें हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ह्या नांवाचें आद्याक्षर. हेंही मॅक्रोलाइडच, म्हणजे मोठ्या कड्याचेंच. परंतु ह्याची रीत निराळी. तें रायबोसोमकडे ढुंकूनही पाहत नाहीं. बुरशीच्या पेशीच्या आवरणांत 'अर्गोस्टेरॉल' नांवाचा स्निग्ध पदार्थ असतो, त्याला तें चिकटतें, आवरणास छिद्रें पडतात व बुरशी गळून मरते. आपल्या आवरणांत त्याऐवजीं कोलेस्टेरॉल असल्यामुळें औषधाचा रोख बुरशीवर अधिक राहतो. त्वचेवरील व तोंडांतील बुरशीच्या विकारांवर तें बाहेरून लावीत. दोन्हीं कडीं मोठींच, पण एक खिंड अडवितें तर दुसरें तट फोडितें.

अगदीं अलीकडचें उदाहरण नॅफिथ्रोमायसीनचें. वॉखार्ट ह्या मुंबईच्या कंपनीनें, जिचें संशोधनकेंद्र छत्रपती संभाजीनगर येथें आहे, हें नवें मॅक्रोलाइड सिद्ध केलें. २० नोव्हेंबर २०२४ रोजीं दिल्ली येथें केंद्रीय मंत्री डॉ. जितेंद्र सिंह यांच्या हस्तें त्याचें प्रकाशन झालें. न्यूमोनियावर दिवसांतून एकदां, तीन दिवस, अशी त्याची योजना आहे. जुन्या औषधास दाद न देणाऱ्या जंतूंवरही पकड बसावी, अशा बेतानें त्याचें कडें घडविलें आहे. त्यामागें १४ वर्षांचे श्रम व सुमारें ५०० कोटी रुपयांचा खर्च असल्याचें त्या प्रसंगीं सांगण्यांत आलें. म्हणजे एक औषध निरुपयोगी झालें तर दुसरें उभें करण्यास केवढी तपश्चर्या लागते, ह्याचा अंदाज वाचकांनींच करावा. आणि आपण तें जुनें औषध गमावितों तें कशासाठीं? चार दिवसांत आपोआप जाणाऱ्या सर्दीसाठीं.

आतां घरांतील कर्त्या स्त्री-पुरुषांस कांहीं विनंत्या. गोळ्यांच्या पट्टीवर तांबडी उभी रेघ दिसली, कीं तें औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीवांचून घ्यावयाचें नव्हे, असें समजावें. ही खूण लोकांस कळावी म्हणून सरकारनें २०१६ सालीं मोहीमही काढली होती. औषध स्वतःच्या मतानें सुरू करूं नये, तसेंच बरें वाटूं लागलें म्हणून स्वतःच्या मतानें थांबवूंही नये. दोन्ही गोष्टी डॉक्टरांस विचारून कराव्या. एकाची चिठ्ठी दुसऱ्यास लागू करूं नये. विशेषतः घरांतील वडीलधाऱ्यांविषयीं सावध राहावें. हीं औषधें हृदयाच्या ठोक्यांचा ताल कांहीं जणांत बिघडवितात. एरिथ्रोमायसीन व क्लॅरिथ्रोमायसीन हीं तर डिगॉक्सिनसारख्या हृदयाच्या व कोलेस्टेरॉलवरील कांहीं औषधांचें रक्तांतील प्रमाण धोकादायकरीत्या वाढवितात. नातवाची उरलेली गोळी आजीच्या खोकल्यास देणें हा प्रेमाचा नव्हे, जोखमीचा व्यवहार आहे. डॉक्टरांकडे जातांना आजी रोज घेत असलेल्या साऱ्या गोळ्यांची यादी सोबत न्यावी. घरांत डांग्या खोकला येऊं नये म्हणून बालकांस लस वेळेवर टोंचून घ्यावी. जें दुखणें झालेंच नाहीं, त्याला औषध लागत नाहीं.

आमच्या पूर्वजांनीं अन्नाचा कण वायां घालविणें हें पाप मानिलें. औषधाच्या बाबतींत मात्र वायां घालविणें म्हणजे फेंकून देणें नव्हे; नको तेथें पोटांत घालणें हेंच खरें वायां घालविणें. भूमातेनें हें धन आपल्या पदरीं घातलें आहे, परंतु तें अक्षय्य नाहीं. आज फडताळांतील डबा उघडून त्यांत अशी अर्धी पट्टी पडून असेल, तर ती बाहेर काढावी व डॉक्टरांस वा औषधविक्रेत्यास विचारून तिची योग्य वासलात लावावी, इतकें झालें तरी ह्या लेखाचें काम झालें असें आम्ही समजूं.